हाऊ मच, हाऊ मेनी आणि आपलं ‘किती’

मागच्या आठवड्यात पाणीटंचाईच्या बातमीसाठी एका वाडीवर गेलो होतो. टँकर यायला उशीर होता, म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात टेकलो. आत सहावीचा इंग्रजीचा तास चालू होता. फळ्यावर एका बाजूला ‘हाऊ मच’, दुसऱ्या बाजूला ‘हाऊ मेनी’ आणि खाली दूध, साखर, पुस्तकं, शेळ्या असे शब्द. सरांनी एका पोरीला उभं केलं आणि विचारलं, टाकीत किती पाणी आहे हे इंग्रजीत कसं विचारशील? ती धिटाईने म्हणाली, “हाऊ मेनी वॉटर इज देअर?”

वर्ग हसला. सर म्हणाले, “अगं, पाणी मोजता येतं का? मोजता येत नाही त्याला हाऊ मच.”

पोरगी खाली बसता बसता पुटपुटली, “आमच्यात तर मोजूनच घेत्यात की सर. घरटी आठ हंडे.”

मी बाहेर बसून हसलो खरा, पण ते हसू लगेच विरलं. कारण अशाच एका चुकीवर मीही एकदा हसू करून घेतलं होतं. पत्रकारितेचा डिप्लोमा झाल्यावर मोठ्या शहरात एका इंग्रजी वर्तमानपत्राच्या मुलाखतीला गेलो होतो. एक छोटी बातमी लिहून द्यायची होती. मी लिहिलं की पोलिसांनी बऱ्याच ‘इन्फर्मेशन्स’ गोळा केल्या. समोरच्या साहेबांनी शेवटच्या ‘एस’भोवती लाल पेनने गोल केला, कागद शेजारच्याला दाखवला आणि दोघंही गालात हसले. पुढचा एकही प्रश्न बातमीबद्दल नव्हता. एसटीने परत आलो, मराठीत राहिलो, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. पण तो लाल गोल वीस वर्षं डोक्यात होता. त्या पोरीमुळे पुन्हा ठसठसला, म्हणून चार रात्री बसून हे ‘मच-मेनी’ आणि ‘देअर इज’ प्रकरण मुळापासून वाचून काढलं. जे सापडलं ते लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

सुरुवात ‘देअर’पासून करू. आपल्याला शाळेत सांगितलं की ‘देअर’ म्हणजे तिथे. मग ‘देअर इज अ बुक ऑन द टेबल’ याचं भाषांतर आम्ही ‘तिथे टेबलावर एक पुस्तक आहे’ असं करायचो आणि सर ‘तिथे’ खोडायचे. का खोडलं हे कधी कळलं नाही. शब्द आहे, पण त्याचा अर्थ घ्यायचा नाही, ही काय भानगड?

भानगड हजार वर्षं जुनी आहे. जुन्या इंग्रजीत नामांना आपल्यासारखे प्रत्यय लागायचे. कर्ता कोण, कर्म कोण हे शब्दाच्या शेपटावरून कळायचं, त्यामुळे शब्द पुढेमागे झाले तरी वाक्य कोसळत नव्हतं. ‘देअर’चा मूळ अर्थ तिथे असाच होता, पण नुसतं वाक्य सुरू करून देण्यासाठी त्याचा वापर त्या काळातही दिसू लागतो. पुढे १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली, आणि इंग्रजीतल्या प्रत्ययांची झीज, जी आधीच सुरू झाली होती, ती पुढच्या दोनतीनशे वर्षांत जवळजवळ पुरी झाली. शेपटं गळाल्यावर अर्थ सांगायचं काम जागेकडे आलं. आधी कर्ता, मग क्रियापद, मग बाकीचं. क्रियापदाच्या पुढची खुर्ची रिकामी ठेवायची सोयच उरली नाही.

आता अडचण बघा. आपण एखादी गोष्ट पहिल्यांदाच सांगतो तेव्हा ती वाक्याच्या तोंडाशी ठेवायला बरं वाटत नाही. ऐकणाऱ्याला आधी ठिकाण दाखवायचं, मग वस्तू. पण इंग्रजीत पहिली खुर्ची तर भरायलाच हवी. मग त्या खुर्चीवर ‘देअर’ला बसवलं. सभेत प्रमुख पाहुणे येईपर्यंत त्यांच्या खुर्चीवर कार्यकर्ता बसून जागा धरतो ना, तसं. पाहुणे मागून येतात, ‘इज’नंतर. ओटो येस्पर्सन नावाच्या डॅनिश पंडिताने १९२४ च्या आपल्या पुस्तकात अशा वाक्यांचा वेगळा विचार केला आणि त्यांना अस्तित्वदर्शक वाक्यं असं नाव दिलं. म्हणजे वापर हजार वर्षांचा आणि नाव जेमतेम शंभर वर्षांचं.

आणि मराठी हे काम कसं करते? एकही जादा शब्द न वापरता. ‘पुस्तक टेबलावर आहे’ म्हटलं की कुठलं पुस्तक ते दोघांना ठाऊक असतं. ‘टेबलावर पुस्तक आहे’ म्हटलं की पुस्तक ही नवी खबर. फक्त जागा बदलली. इंग्रजीला त्यासाठी एकीकडे ‘द’ लागतो आणि दुसरीकडे ‘देअर’ आणि ‘अ’. आपल्या पोरांना हा फरक जन्मापासून येतो. त्यांना कुणी सांगत नाही इतकंच, की बाबा, तू जे जागा बदलून करतोस तेच इंग्रज ‘देअर’ लावून करतो. हे एक वाक्य मला पाचवीत कुणी सांगितलं असतं तर निम्मी भीती गेली असती.

उलट बाजूही सांगतो. ‘विहिरीला पाणी आहे’ आणि ‘विहिरीला पाणी असतं’ यातला फरक माणदेशातल्या शेंबड्या पोरालाही कळतो. पहिलं आत्ताचं, दुसरं नेहमीचं. इंग्रजीत दोन्हीला ‘देअर इज वॉटर’च. फरक दाखवायचा तर ‘युज्वली’सारखा शब्द वरून चिकटवावा लागतो. टंचाईच्या बैठकीत अधिकारी म्हणतात, अमुक गावात पाणी असतं. गावकरी ओरडतात, असतं हो साहेब, पण नाही! सगळं भांडण त्या दोन क्रियापदांमध्ये असतं. आणि इंग्रजीत ‘माझ्याकडे’साठी ‘हॅव’ हे एकच क्रियापद, आपण मात्र ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे दोन शेळ्या आहेत’ आणि ‘माझं घर आहे’ असे तीन वेगळे संसार मांडतो. भावाला ‘माझ्याकडे’ म्हटलं तर तो सध्या मुक्कामाला आलाय असा अर्थ होतो.

आता ‘किती’. आपला ‘किती’ सगळ्यांना पुरतो. किती पाणी, किती माणसं, किती उशीर. इंग्रजाने दोन का केले?

गंमत अशी की त्यांच्याकडेही एकच शब्द चालायचा. जुन्या इंग्रजीत ‘फेला’ असा शब्द होता. जर्मन भाषेतला ‘फील’ त्याचाच भाऊ. हा ‘फेला’ पुष्कळ माणसांनाही लागायचा आणि पुष्कळ दुःखालाही. मोजता येणाऱ्या न येणाऱ्याची भिंत त्याला नव्हती. ‘मेनी’चा पूर्वज तेव्हाही होता आणि ‘मच’चा पूर्वज ‘मिचेल’ही होता, पण ‘मिचेल’चा मूळ अर्थ होता मोठा, थोर. मग ‘फेला’ हळूहळू मेला, ‘मिचेल’ची शेपटी झिजून ‘मच’ झाला, आणि मोठेपणावरून तो भरपूरपणावर आला. दोघा वारसांनी शेत वाटून घेतलं. संख्या मेनीकडे, रास मचकडे. पोरगी ‘हाऊ मेनी वॉटर’ म्हणाली ती आजच्या नियमाने चुकली, पण वाटणी होण्याआधीच्या माणसाला तिचा गोंधळ कळला असता.

‘लेस’ आणि ‘फ्यूअर’चंही तसंच. मोजता येणाऱ्याला ‘फ्यूअर’, न येणाऱ्याला ‘लेस’ असं आपण घोकलं. नवव्या शतकातला राजा आल्फ्रेड, ज्याने लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आणले, तो शब्दांच्या संख्येसाठी बिनधास्त ‘लेस’चंच जुनं रूप वापरतो. नंतर कित्येक शतकं लोक तसंच बोलत राहिले. मग १७७० मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने इंग्रजीवरच्या आपल्या टिपणांच्या पुस्तकात लिहिलं की संख्येच्या बाबतीत ‘फ्यूअर’ अधिक डौलदार आणि अधिक योग्य वाटतं. वाटतं! एका माणसाची पसंती होती. पुढच्या व्याकरणकारांनी ती उचलली आणि बघता बघता तिचा कायदा झाला. हा कायदा इतका कडक झाला की २००८ मध्ये टेस्को या ब्रिटिश दुकानांच्या साखळीने दहा किंवा कमी वस्तूंच्या रांगेवरची पाटी बदलायला घेतली, कारण त्यावर ‘लेस’ होतं आणि शुद्धतेवाले वर्षानुवर्षं बोट दाखवत होते. ‘फ्यूअर’ लिहिलं असतं तर बाकीचे हसले असते. त्यांनी मधला मार्ग काढला आणि ‘अप टू टेन आयटम्स’ केलं. आपल्याकडे असा प्रसंग आला असता तर समिती नेमली असती, ते सोडा.

अठरावं शतक इंग्लंडमध्ये असल्या कायद्यांचंच होतं. रॉबर्ट लोथचं व्याकरण १७६२ चं. हा गृहस्थ पुढे लंडनचा बिशप झाला. लिंडली मरेचं १७९५ चं. मरे मूळचा अमेरिकन वकील, इंग्लंडात यॉर्कजवळ येऊन राहिलेला. तिथल्या मुलींच्या शाळेसाठी त्याने पुस्तक लिहिलं आणि ते बघता बघता इंग्रजी शिकवणाऱ्या निम्म्या जगात पोचलं. आपल्याकडे दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं तेव्हा असल्या इंग्रजी व्याकरणांचा साचा समोर होताच. म्हणजे आधी इंग्रजी लॅटिनच्या मापाने शिवली गेली आणि मग मराठी इंग्रजीच्या. दादोबांचा उपकार मोठा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण कुठे कुठे सदरा काखेत आवळतो तो यामुळे.

आमच्या घरी वडिलांनी जपलेलं रेन आणि मार्टिनचं जाडजूड पुस्तक होतं. त्यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते आणि नंतर ‘बो जेस्ट’ नावाची गाजलेली कादंबरी लिहून गेले. हे मला आत्ता कळलं. लहानपणी तो माणूस कादंबरी लिहू शकतो यावर माझा विश्वास बसला नसता. त्यांच्या व्याकरणात विशेषणांचे दोन वेगळे कप्पे आहेत, परिमाणाचे आणि संख्येचे. एक ‘हाऊ मच’चं उत्तर देतो, दुसरा ‘हाऊ मेनी’चं. कप्पे चोख आहेत. पण कुठला शब्द कुठल्या कप्प्यात टाकायचा हे तुम्हाला आधीच माहीत असायला हवं. इंग्रजाच्या पोराला ते आईच्या दुधातून मिळतं. आमच्या पोराने काय करायचं?

हा प्रश्न पहिल्यांदा गांभीर्याने हाताळला गेला तो लंडनमध्ये नाही, टोकियोमध्ये. हा भाग मला सगळ्यात आवडला. १९२२ मध्ये हॅरोल्ड पामर नावाचा इंग्रज शिक्षक जपान सरकारच्या शिक्षणखात्याचा सल्लागार म्हणून तिथे गेला. दुसऱ्याच वर्षी तिथे इंग्रजी कसं शिकवावं यावर संशोधन करणारी संस्था सुरू झाली. जपानी भाषेत नामाला एकवचन-अनेकवचन असा बदलच नाही. एक मांजर आणि दहा मांजर, शब्द तोच. तिथल्या मुलांना ‘अ’ कधी, ‘एस’ कधी, ‘मच’ कधी हे सांगताना पामर आणि त्याच्या सोबत्यांची दमछाक व्हायची. अशाच एका गावात, ओइताच्या व्यापारी महाविद्यालयात, ए. एस. हॉर्नबी हा तरुण शिकवत होता. तो पुढे पामरच्या कामात आला आणि दोन सहकाऱ्यांना घेऊन त्याने शब्दकोश करायला घेतला. इंग्रजांसाठी नव्हे, परक्यांसाठी.

त्या कोशात नामांपुढे खूण केली गेली, हे मोजायचं, हे नाही. बाकीच्या कोशांना ते लिहायची गरज वाटली नव्हती, कारण ते ज्यांच्यासाठी लिहिले होते त्यांना ते ठाऊकच होतं. कोश छापून झाला तेव्हा १९४२ साल होतं. पर्ल हार्बर होऊन गेलं होतं, जपान आणि ब्रिटन एकमेकांशी लढत होते आणि हॉर्नबी शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून जपानमध्ये स्थानबद्ध झाला होता. त्या वर्षी तो मायदेशी परतू शकला. शत्रूच्या भाषेचा शब्दकोश युद्धाच्या ऐन धुमाळीत टोकियोत छापला जातो, याला काय म्हणावं? युद्धानंतर १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तोच कोश नव्या नावाने काढला. आज कॉलेजच्या पोरांच्या हातात जी ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी असते ती याच झाडाची फांदी. तिच्यात नामापुढे बारीक ‘सी’ किंवा ‘यू’ दिसतो ना, काउंटेबल आणि अनकाउंटेबल? त्यामागे चुकणाऱ्या जपानी पोरांचे तास आहेत.

म्हणजे चुकणाऱ्यांमुळे नियम स्पष्ट झाला. न चुकणाऱ्यांनी तो कधी नीट लिहूनच ठेवला नव्हता.

आणि नियम तरी काय तर्काचा आहे? आपण म्हणतो तांदूळ निवडले, गहू दळले. आपल्याला दाणे दिसतात. इंग्रजाला तांदूळ आणि गहू ही रास दिसते, म्हणून राइस आणि व्हीट अनकाउंटेबल. पण ‘ओट्स’ मात्र अनेकवचनी! पीठ दोघांचंही सारखंच होतं. आपले केस पिकतात, इंग्रजाचं ‘हेअर’ पिकतं. आपण पैसे मोजतो, दिवसातून चार वेळा मोजतो, आणि इंग्रज म्हणतो ‘मनी’ मोजता येत नाही. तशी आपलीही तऱ्हा आहेच. ज्वारी काढली, पण पोहे भिजवले. सामान कुणी ‘तीन सामानं’ असं मोजत नाही, नग मोजतात. चहा मोजतो, ‘चार चहा सांग रे’, पण त्याला अनेकवचन लावत नाही. तर्क शोधायला जाऊ नका. वाटाण्याची गोष्ट ऐका. इंग्रजीत वाटाण्याला ‘पीझ’ म्हणत आणि तो राशीचा शब्द होता, ज्वारीसारखा. पण शेवटी ‘झ’ ऐकू यायचा, म्हणून लोकांना वाटलं हे अनेकवचन असणार. मग त्यांनी तो ‘झ’ काढला आणि एका दाण्यासाठी ‘पी’ हा नवा शब्द जन्माला घातला. अडाणी माणसांनी केलेली चूक आज शब्दकोशात बरोबर म्हणून बसली आहे.

आमच्या धंद्याचा शब्द तर सगळ्यात चक्रम. बातमी एक, बातम्या दहा. इंग्रजीत ‘न्यूज’ला शेवटी ‘एस’ असून ते एकवचन, आणि एक बातमी म्हणायचं तर ‘अ न्यूज’ चालत नाही, ‘न्यूज’चा तुकडा म्हणावा लागतो. हाही मुळात अनेकवचनीच होता, नव्या गोष्टी या अर्थाने. शेक्सपिअरच्या काळात दोन्ही चालायचं. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्क ट्रिब्यूनचे संपादक होरेस ग्रीली हट्टाने ‘न्यूज’ अनेकवचनीच वापरायला लावत. त्यांनी एका बातमीदाराला तार करून ‘न्यूज’ आहेत का असं विचारलं, तेव्हा त्याने एकही ‘न्यू’ नाही असं उत्तर पाठवलं, अशी गोष्ट पत्रकारांत सांगतात. खरी असो नसो, बातमीदार मला जवळचा वाटला.

आणि माझ्या त्या ‘इन्फर्मेशन्स’चं काय? इंग्रजी कायद्याच्या भाषेत ‘इन्फर्मेशन’ म्हणजे न्यायासनापुढे दाखल केलेली फिर्याद, असाही अर्थ शतकानुशतकं आहे, आणि त्या अर्थाने तिचं अनेकवचन राजरोस होतं. मी लिहिलेलं वाक्य त्याने बरोबर ठरत नाही, मान्य. साहेबांचा गोल बरोबर होता. हसणं तेवढं जादा होतं.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. आमच्या वेळी ते पाचवीला भेटायचं. चार वर्षं आधी भेटूनही पोरं तिथेच अडखळतात जिथे आम्ही अडखळलो, कारण अजूनही नियम असा सांगतात की जणू तो आकाशातून पडला. आणि पालक त्या अडखळण्यालाच अक्कल समजतात. आमच्या तालुक्यात शेती गहाण टाकून इंग्रजी शाळेची फी भरणारी घरं मी बघितली आहेत. पोरगं ‘मच’च्या जागी ‘मेनी’ म्हणालं की बापाचा चेहरा पडतो. त्या बापाला मला सांगायचं होतं, म्हणून एवढं लिहिलं. खुद्द शेक्सपिअरच्या नाटकांत अनेकवचनापुढे ‘देअर इज’ सापडतं, आणि आजही इंग्रज बोलताना सर्रास तसं बोलतात.

परवा छापून आलेली बातमी द्यायला वाडीवर परत गेलो. सर भेटले. त्यांना हे सगळं चहा पिता पिता सांगितलं, त्यांनी मन लावून ऐकलं; माणूस चांगला आहे. वर्गात आले आणि त्याच पोरीला फळ्याशी बोलावलं. म्हणाले, पाणी मोजता येत नाही, पण हंडे मोजता येतात, मग आता लिही बघू. तिने जरा विचार केला आणि वळणदार अक्षरात ‘देअर आर एट हंडाज ऑफ वॉटर’ असं इंग्रजीत लिहिलं. सरांनी शाबासकी दिली, वर्गाने टाळ्या वाजवल्या.

पोरगी खडू ठेवताना म्हणाली, “पण खोटं हाय सर हे. आज टँकरच आला न्हाई.”